भाषा शिकणार तुम्ही, सातबारा कुणाच्या नावावर?

पौड फाट्यापासून कोथरूड डेपोपर्यंत चालत जा आणि वाटेत पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवरच्या पाट्या वाचा. डेंटिस्ट, पोळी-भाजी केंद्र, सीए, योगवर्ग आणि मध्ये मध्ये क्लासेस. ‘कोअर जावा’, ‘ॲडव्हान्स्ड जावा’, ‘फुल स्टॅक जावा, प्लेसमेंटसह’. तुम्ही कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर अशा एखाद्या जिन्यावर तुमची चप्पल झिजलीच असेल. नसाल, तर घरातल्या दादाची किंवा ताईची झिजली असेल. इतकी वर्षं ही भाषा आपल्याकडे शिकवली जातेय की ती गणितासारखी वाटायला लागते. पायथागोरसच्या प्रमेयाला जसा मालक नाही, तसा जावालाही नसणार, असं आपण गृहीत धरतो.

पण जावाला मालक आहे. तो एकदा बदललाही आहे. मी मास कॉमची विद्यार्थिनी, मला कोड लिहिता येत नाही. पण कंपनी विकली गेली की तिच्याबरोबर काय काय विकलं जातं, आणि नियम ठरवणाऱ्या समितीचं काय होतं, हा प्रश्न जितका कोडचा तितकाच बातमीचा आहे. आणि महिन्याकाठी पगार याच भाषेवर मिळणार असेल तर तुमचाही.

ही गोष्ट समजायला कॉम्प्युटर लागत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला एकदा बसलेलं असलं की पुरे. कोथरूडमधल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत रीतसर कमिटी आहे, चेअरमन आहेत, सेक्रेटरी आहेत. रंग कुठला लावायचा, पार्किंग कुणाला, पाण्याची टाकी कधी धुवायची, सगळ्यावर मतदान होतं. पण रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की कळतं, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. कन्व्हेयन्स झालेलाच नाही. कमिटी खरी, मतदानही खरं, फक्त जमीन आपली नाही. बिल्डर भला माणूस असतो तोवर कुणाचं काही अडत नाही. आता कल्पना करा, बिल्डरनं आपली अख्खी कंपनीच दुसऱ्या बिल्डरला विकली.

जावाचं नेमकं हेच झालं.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्यातला. (पुणेकरांनो, छाती फार फुगवू नका, जावा येईपर्यंत ते कंपनीतून केव्हाच बाहेर पडले होते.) जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी बनवलेली जावा १९९५ मध्ये जाहीर झाली. एकदा लिहा आणि कुठल्याही मशीनवर चालवा, हे तिचं आश्वासन. पण हे आश्वासन पाळायचं तर सगळ्यांची जावा सारखी हवी. म्हणजे प्रमाण हवं, आणि ते ठरवणारं कुणीतरी हवं.

सी या भाषेचं प्रमाण अमेरिकी आणि मग आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं ठरवलं. सननंही आधी हाच रस्ता धरला. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दारं तिच्यासाठी उघडलीही. पण प्रमाण एकदा संस्थेच्या हाती गेलं की त्यात बदलही तीच संस्था करणार, हे सनला पटेना. १९९९ मध्ये तिनं तिथून पाय काढला, एकमा या युरोपातल्या मानक संस्थेकडे गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथूनही माघारी आली. त्याआधीच, डिसेंबर १९९८ मध्ये, तिनं स्वतःची समिती उभी केली होती. नाव: जावा कम्युनिटी प्रोसेस. सोयीसाठी आपण तिला ‘जेसीपी’ म्हणू.

जेसीपी कागदावर छान होती. भाषेत काही नवं आणायचं तर प्रस्ताव मांडायचा, तज्ज्ञांचा गट बसणार, मसुदा सगळ्यांपुढे ठेवला जाणार आणि शेवटी कार्यकारी समिती मत देणार. समितीत १६ जागा. आयबीएम, ओरॅकल, पुढे गूगल, अपाचेसारखी ना-नफा संस्था, इतकंच काय, स्वतंत्र व्यक्तीसुद्धा. फक्त नियमावलीत एक ओळ होती. भाषेतच बदल करायचा असेल किंवा जावाची नवी आवृत्तीमालिका आणायची असेल तर दोन-तृतीयांश मतं हवीत आणि त्यात सनचं मत ‘हो’ असलंच पाहिजे. बाकी १५ जण एका बाजूला असले तरी. समितीचं कार्यालय चालवायचं तेही सननंच.

शिवाय जमिनीचा कागद. ‘जावा’ हे नाव सनच्या मालकीचं. आणि तुम्ही बनवलेली जावा खरी जावा आहे, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा संच, तोही सनचाच. हे आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्रासारखं समजा. इमारत तुम्ही स्वतःच्या पैशानं बांधा, पण प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय राहायला जाता येणार नाही.

अपाचेनं नेमकी अशी इमारत बांधायला घेतली. २००५ मध्ये ‘हार्मनी’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. सनच्या कोडला हात न लावता, फक्त प्रमाण वाचून, पहिल्यापासून लिहिलेली मुक्त जावा. प्रमाणपत्र मागितलं तर सन म्हणाली, देऊ, पण तुमची जावा मोबाईल वगैरे उपकरणांत वापरायची नाही, या अटीवर. म्हणजे फ्लॅटचा ताबा घ्या, स्वयंपाकघर मात्र वापरू नका. अपाचेच्या परवान्यात अशी अट बसतच नाही. त्यांचं सॉफ्टवेअर कुणीही कशासाठीही वापरू शकतं, हाच तर त्यांचा पाया. एप्रिल २००७ मध्ये अपाचेनं सनला जाहीर पत्र लिहिलं. काही हललं नाही.

आता पुढचा प्रसंग नीट वाचा. डिसेंबर २००७ मध्ये जेसीपीच्या कार्यकारी समितीपुढे एक ठराव आला. आशय असा की जेसीपी ही खुली, स्वतंत्र, कुठल्याही एका कंपनीच्या हाती नसलेली मानक संस्था व्हावी आणि सगळ्या सदस्यांना समान वागणूक मिळावी. ठराव मंजूर झाला. मांडला होता ओरॅकलनं. अनुमोदन बीईए कंपनीचं.

काही आठवड्यांत, जानेवारी २००८ मध्ये, ओरॅकलनं बीईए विकत घेण्याचा करार केला. साडेआठ अब्ज डॉलर. आणि एप्रिल २००९ मध्ये जाहीर केलं की सनही आम्ही घेतोय, ७.४ अब्ज डॉलरला. त्याआधी आयबीएमशी सनची बोलणी होऊन फिसकटली होती. युरोपीय आयोगानं मायएसक्यूएलच्या मुद्द्यावर काही महिने घासाघीस केली आणि २७ जानेवारी २०१० ला व्यवहार पूर्ण झाला. ठराव मांडणारी, अनुमोदन देणारी आणि ज्या कंपनीविरुद्ध ठराव होता ती, तिन्ही एकाच छताखाली.

समितीतल्या बाकीच्यांना वाटलं असेल, चला, आता तरी. सोसायटीतही असंच होतं. जो सभासद कन्व्हेयन्ससाठी सभेत सगळ्यात जास्त ओरडत होता, त्यानंच बिल्डरची फर्म विकत घेतली, तर तो पहिल्या दिवशी जमीन करून देईल असं आपल्याला वाटणारच ना?

ठरावाची अंमलबजावणी ओरॅकलनं केली नाही. हार्मनीला प्रमाणपत्र देण्याची मागणी तिनं स्वतः दुसऱ्या बाजूला बसून उचलून धरली होती, आता मात्र सनची जुनी अट तशीच ठेवली. एप्रिल २०१० मध्ये गॉस्लिंग बाहेर पडले. ऑगस्टमध्ये ओरॅकलनं गूगलवर खटला भरला, कारण अँड्रॉइडमध्ये जावाच्या धर्तीवरचा कोड होता. ऑक्टोबरमध्ये आयबीएमनं हार्मनीतून अंग काढून ओरॅकलच्या बाजूच्या ओपनजेडीकेत प्रवेश केला. त्याच सुमारास समितीच्या निवडणुकीत ओरॅकलनं एक नाव पुढे केलं, होलॉजिक. वैद्यकीय उपकरणं बनवणारी कंपनी. जावाच्या जगात कुणी तिचं नाव फारसं ऐकलेलं नव्हतं. सभासदांनी ते नाव सरळ फेटाळलं, मला तर हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मजेशीर भाग वाटतो. सोसायटीच्या निवडणुकीत बिल्डरनं आपला लांबचा मेहुणा उभा करावा आणि आजी-आजोबांनी त्याला घरी पाठवावं, तसं.

पण निवडणूक जिंकणं वेगळं आणि सत्ता वेगळी. डिसेंबर २०१० मध्ये जावा ७ आणि ८ चे प्रस्ताव मताला आले. १२ विरुद्ध ३ मतांनी मंजूर. विरोधात अपाचे, गूगल आणि टिम पायर्ल्स हे स्वतंत्र सदस्य. ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकीही काहींनी मताबरोबर नोंद केली की परवान्याच्या अटी आम्हाला मान्य नाहीत, पण जावा थांबून राहायला नको. यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. जावा ६ डिसेंबर २००६ मध्ये आली होती आणि पुढची आवृत्ती यायला २०११ उजाडलं. भांडत बसलो तर घरच पडेल, ही भीती खरी होती. ९ डिसेंबरला अपाचेनं समितीचा राजीनामा दिला. काही आठवड्यांपूर्वीच सभासदांनी तिला पुन्हा निवडून दिलं होतं. पायर्ल्सही गेले. डग ली हे प्राध्यापक तर आधीच, पुन्हा उभं न राहता, बाहेर पडले होते. पुढच्या वर्षी हार्मनी प्रकल्प बंद झाला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे जावा मेली. पण पाट्या तर अजून आहेत. मग वाचली कशी?

माझ्या मते याचं उत्तर एका कागदात आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये, म्हणजे स्वतंत्र असतानाच, सननं आपली जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करायचं जाहीर केलं. त्यातून ओपनजेडीके उभं राहिलं. हा परवाना एकदा दिला की त्याखाली बाहेर गेलेला कोड परत घेता येत नाही. कंपनी विकली गेली तरी नाही. म्हणजे सननं जे लेखी दिलं ते ओरॅकलच्या हातूनही सुटलं नाही, आणि जे सनच्या चांगुलपणावर चाललं होतं, समितीतला समजूतदारपणा, प्रमाणपत्राबद्दलची बोलणी, ते व्यवहाराच्या दिवशीच संपलं. आज ॲमेझॉनची ‘कॉरेटो’, एक्लिप्सची ‘टेमुरिन’, मायक्रोसॉफ्टची, रेड हॅटची अशा कितीतरी फुकट जावा मिळतात, त्या सगळ्या याच कोडमधून बनतात. नावात ‘जावा’ शब्द नाही हे लक्षात आलं का? जमीन अजून तिकडेच आहे. म्हणून कुणी कॉफीचं नाव घेतं, कुणी ‘रनटाइम’ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करतं.

नावाची ही किंमत तुम्हाला लॅबमध्येही मोजावी लागते. २०१७ मध्ये ओरॅकलनं जावाचा मोठ्या उद्योगांसाठीचा भाग, जावा ईई, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. कोड दिला, नाव दिलं नाही. म्हणून तिचं बारसं ‘जकार्ता ईई’ असं झालं. (जावा बेटावरचंच शहर. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) पुढे २०१९ मध्ये स्पष्ट झालं की कोडमध्ये हजारो ठिकाणी असलेला ‘जावाएक्स’ हा उपसर्ग तसाच ठेवून त्यात बदल करता येणार नाहीत. मग डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत सगळीकडे ‘जावाएक्स’ पुसून ‘जकार्ता’ लिहिलं गेलं. जुन्या पुस्तकातला सर्व्हलेटचा प्रोग्रॅम तुम्ही टॉमकॅट १० वर चालवलात आणि पहिल्याच ओळीवर लाल रेघ आली, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. दोन संस्थांत नावाचा करार जुळला नाही, त्याचा परिणाम तुमच्या जर्नलपर्यंत आला, इतकंच.

पैशाचा मुद्दा याहून मोठा. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलनं आपल्या जावाचं वर्गणीचं गणित बदललं. आधी किती जण वापरतात किंवा किती प्रोसेसर आहेत यावर पैसे. आता कंपनीत एकूण माणसं किती, यावर. पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी, शिवाय कंपनीच्या अंतर्गत कामासाठी लागणारी कंत्राटी माणसंसुद्धा. ९९९ माणसांपर्यंत दर माणशी महिन्याला १५ डॉलर, हा यादीतला दर. समजा एखाद्या कंपनीत ३०० माणसं आहेत आणि ओरॅकलची जावा सहा जणांच्या कामात लागते. हिशोब ३०० चाच. वर्षाला ५४,००० डॉलर, म्हणजे ४५ लाख रुपयांच्या पुढे. रिसेप्शनवरची ताई आणि गाडी चालवणारे काकाही त्यात मोजले जातात. शिकण्यासाठी, प्रोग्रॅम लिहून पाहण्यासाठी तुम्हाला पैसे पडत नाहीत, आणि ओपनजेडीकेवर गेलं तर कंपनीलाही हे टाळता येतं. पण ओरॅकलची कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या कामासाठी फुकट, याचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की छोट्या कंपनीनं अपडेटचं बटण दाबतानाही विचार करावा.

ओरॅकलच्या बाजूनं जे आहे तेही सांगायला हवं, नाहीतर ही बातमी राहणार नाही, तक्रार होईल. २०११ नंतर समितीचे नियम बरेच खुले झाले. चर्चा उघड्यावर आली. ब्राझीलचा ‘सौजावा’ आणि लंडनचा ‘लंडन जावा कम्युनिटी’ हे वापरकर्त्यांचे गट निवडून आले. मे २०१७ मध्ये तर जावा ९ मधल्या मॉड्यूलच्या प्रस्तावाला समितीनं १३ विरुद्ध १० मतांनी नाकारलं. ओरॅकलचा लाडका प्रस्ताव होता तो. आयबीएम, रेड हॅट, लंडनचा गट, सगळे विरोधात. मग दुरुस्त्या झाल्या आणि जूनमध्ये २४ मतांनी तो मंजूर झाला, एकानंही विरोध केला नाही. म्हणजे नकार देण्याची ताकद समितीत आहे. आणि पूर्वी साडेचार वर्षं अडकणारी जावा आता दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीसह येते. काम थांबलं नाही, उलट वाढलं. पण नकार देता येणं आणि हवं ते घडवून आणता येणं यात फरक आहे. ओरॅकलला नको असलेला भाषाबदल समितीनं मंजूर केला, असं या रचनेत होऊच शकत नाही.

खटल्याचं काय झालं, हेही विचाराल. गूगलविरुद्धचा तो खटला दहा वर्षांहून जास्त चालला. ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध २ मतांनी गूगलचं म्हणणं मान्य केलं. सुमारे ११,५०० ओळी गूगलनं घेतल्या, तो रास्त वापर होता, असं. पण अशा ओळींवर मुळात स्वामित्वहक्क असतो का, हा प्रश्न न्यायालयानं बाजूलाच ठेवला.

दुसऱ्या टोकाला पायथन बघा. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये निर्णयांतून बाजूला झाले, तेव्हा त्या मंडळींनी पाच जणांचं मंडळ निवडून द्यायचं ठरवलं आणि नियमात लिहून टाकलं की एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात नकोत. उद्या कुणी कुणाला विकत घेतलं आणि त्यामुळे आकडा दोनाच्या पुढे गेला, तर काय करायचं याचाही विचार त्यात आहे. जावास्क्रिप्टचा प्रकार मधला. तिचं प्रमाण एकमाच्या समितीत ठरतं, पण नावाचा ट्रेडमार्क सनकडून वारसाहक्कानं ओरॅकलकडे आला. म्हणून प्रमाणाला बिचारं ‘एकमास्क्रिप्ट’ म्हणावं लागतं. ते नाव मोकळं व्हावं यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज दाखल झाला.

आता तुमच्या क्लासकडे परत येऊ. ‘फुल स्टॅक जावा’मध्ये तुम्ही सगळ्यात जास्त वेळ देता ते स्प्रिंग बूटला. स्प्रिंग व्हीएमवेअर कंपनीकडे होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमनं विकत घेतली. बिल्डर बदलला. स्प्रिंगचा कोड अपाचेच्या मुक्त परवान्याखाली आहे, तेव्हा तो तुमच्या हातून जाणार नाही. पण पुढची आवृत्ती कधी, जुन्या आवृत्तीला फुकट दुरुस्त्या किती दिवस आणि त्यानंतर पैसे किती, हे ब्रॉडकॉमच ठरवणार. इथे समितीचं मतदान वगैरे नाहीच.

कॉलेजच्या लॅबमध्ये बसलात की काळ्या खिडकीत जावाची आवृत्ती विचारणारी आज्ञा द्या. ‘ओपनजेडीके’ असं उत्तर आलं तर तुम्ही २००६ च्या त्या कागदावर उभे आहात. नुसतं ‘जावा’ आणि पुढे ट्रेडमार्कची खूण दिसली, तर ती ओरॅकलची. सबमिशनच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच. पण पहिल्या नोकरीत सर्व्हरवर जावा टाकायचं काम तुमच्याकडे आलं, तर यातली कुठली टाकायची हे सीनिअरला आधी विचारा. त्यालाही ठाऊक नसेल, तर अकाउंट्सवाल्यांना विचारा.